आमचा अध्यक्ष आणि भिंतीबाहेरचं पाणी

आमच्या अध्यक्षाइतका माणसांना कमी आणि यंत्रांना जास्त मान देणारा माणूस गोदावरीच्या अल्याड-पल्याड झाला नाही, आणि पुन्हा होऊ नये, असं त्याच्यासोबत कॉलेजची वर्षं काढल्यावर माझं ठाम मत झालं होतं. अध्यक्ष हे काही त्याचं नाव नव्हे. आईवडिलांनी ठेवलेलं चांगलं नाव होतं, पण ते हजेरीपटावरच राहिलं. नांदेडला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना त्यानं एक मंडळ काढलं, बिनविरोध स्वतःला त्याचा अध्यक्ष नेमलं, आणि त्या दिवसापासून मेसच्या आचाऱ्यापासून विभागप्रमुखांपर्यंत सगळे त्याला अध्यक्षच म्हणू लागले. विभागप्रमुख ते दातओठ खाऊन म्हणत, एवढाच फरक.

मंडळाचं नाव होतं जैववैद्यकीय अभियांत्रिकी विद्यार्थी मंडळ. नाव इतकं लांब, की नोटीस बोर्डावर ते लिहिल्यावर खाली सभेची वेळ लिहायला जागा उरली नाही. आमच्या कॉलेजात ही शाखा नव्हती. ती शिकवणारे प्राध्यापक नव्हते, ग्रंथालयात या विषयाचं पुस्तक नव्हतं, आणि नेमकं म्हणूनच मंडळ पाहिजे, असं त्याचं म्हणणं. माणसाच्या शरीराला लागणारी यंत्रं कशी चालतात ते आपण शिकायचं आणि मराठवाड्यातल्या दवाखान्यांत धूळ खात पडलेली यंत्रं चालू करायची, असा एकूण बेत. प्राचार्यांनी विचारलं, जे अभ्यासक्रमात नाही ते कशाला करता? अध्यक्ष अत्यंत नम्रपणे म्हणाला, "सर, मरणही अभ्यासक्रमात नाही, पण कुणाचं चुकलंय?" प्राचार्यांनी परवानगी दिली. मला वाटतं, पुढचं ऐकावं लागू नये म्हणून दिली असावी.

पहिल्या सभेला तीन माणसं होती. एक तो, एक मी आणि एक देगलूरचा मुलगा, जो सभेनंतर चहा असेल या आशेनं आला होता. चहा नव्हता. पण त्याच्याकडे स्कूटर आहे असं कळल्यावर अध्यक्षानं त्याला तिथल्या तिथं खजिनदार केलं. मंडळाकडे खजिना म्हणजे ती स्कूटरच. मला चिटणीस केलं. का, तर मी लातूरची होते आणि लातूरच्या माणसाला काम नाकारता येत नाही असा त्याचा एक स्वतंत्र सिद्धांत होता. आम्हाला खोली मिळाली नाही, म्हणून सभा वर्कशॉपच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीखाली भरत. टाकी कोरडी होती, त्यामुळे सावली मिळे आणि अंगावर थेंब पडत नसे. दुष्काळाचा एवढा एकच फायदा मंडळाच्या पदरात पडला.

पंखा बंद पडला तर तुम्ही-आम्ही पंखा बिघडला म्हणतो. अध्यक्ष म्हणायचा, यांना बरं नाही. मेसचा मिक्सर ‘दमलेत’, झेरॉक्सचं मशीन ‘सकाळपासून उपाशी आहेत’, आणि एस.टी.चं इंजिन कण्हू लागलं की हा खिडकीतून बाहेर वाकून चालकाला सांगायचा की म्हाताऱ्यांना जरा दम खाऊ द्या. माणसांच्या बाबतीत मात्र सगळा उलटा कारभार. विभागप्रमुखांचा पट्टा सैल झालेला असायचा. खजिनदाराचा आवाज म्हणजे वंगण संपल्याचं लक्षण. आणि माझ्याविषयी त्यानं सगळ्या हॉस्टेलला सांगून ठेवलं होतं की चिटणीस लवकर तापते, तिला मधूनमधून बंद ठेवायला पाहिजे.

तो पहिल्यांदा आमच्या लातूरच्या घरी आला तो दिवस माझी आई अजून विसरलेली नाही. त्या वर्षी लातुरात पाहुण्याला अख्खा ग्लास पाणी देणं म्हणजे सोयरीक जुळल्यासारखं होतं. नळ कधी येईल ते नळालाच ठाऊक नव्हतं. आई अर्धा ग्लास घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली, तर हा आमच्या फ्रिजवर तळहात ठेवून डोळे मिटून उभा. आईला वाटलं, पोरगा देवभोळा आहे, काहीतरी म्हणतोय. ती ग्लास धरून थांबली. बऱ्याच वेळानं त्यानं डोळे उघडले आणि सांगितलं, काकू, यांचा श्वास कोंडायलाय, भिंतीपासून जरा पुढं घ्या. आईनं घेतला. तो फ्रिज पुढं कित्येक वर्षं चालला, आणि आई अध्यक्षाची चौकशी करताना ‘तो फ्रिजच्या पाया पडणारा पोरगा’ असंच विचारत राहिली.

त्याची दुसरी खोड म्हणजे नाडी. बोलता बोलता समोरच्याचं मनगट कधी त्याच्या हातात जायचं कळायचं नाही. कंडक्टर, रसवंतीवाला, रांगेत पुढं उभा असलेला अनोळखी माणूस, कोणी सुटलं नाही. तोंडी परीक्षेला बाहेरगावहून एक परीक्षक आले होते. त्यांनी शिष्टाचार म्हणून हात पुढं केला आणि तो परत मिळेपर्यंत आमच्या तिघांचीही परीक्षा संपली. अध्यक्ष त्यांना म्हणाला, "सर, मधेच एक ठोका चुकायलाय. दाखवून घ्या." एखाद्या गोष्टीत त्या परीक्षकांना पुढं खरोखर काहीतरी निघालं असतं आणि ते अध्यक्षाचे आभार मानायला आले असते. प्रत्यक्षात त्यांनी नांदेडातच तपासणी करून घेतली, काहीच निघालं नाही, आणि त्यांनी अध्यक्षाला काठावर पास केलं.

गच्चीवरच्या टाकीखाली आमची प्रयोगशाळा वाढत गेली. कुठल्या कुठल्या दवाखान्यांतून त्यानं भंगारात निघालेली यंत्रं गोळा केली होती. रक्तदाब मोजायची पट्टी होती, ती फुगवली की सायकलच्या ट्यूबसारखी एका बाजूनं सूं करायची. हृदयाचा आलेख काढणारं एक जुनं यंत्र होतं. उन्हाळ्याची अख्खी सुट्टी घालवून आम्ही ते सुरू केलं आणि आळीपाळीनं स्वतःला जोडून पाहिलं. तिघांचाही आलेख सरळ रेघ आला. यंत्राच्या मते मंडळाचे सर्व पदाधिकारी मृत होते. खजिनदार हसून हसून लोळला. अध्यक्ष मात्र हसला नाही. तो यंत्राजवळ उकिडवा बसला आणि पुन्हा पहिल्यापासून तारा तपासू लागला. खोटं यंत्र त्याला सहन होत नसे. माणूस खोटं बोलला तर चालतं, तो म्हणायचा, माणसाला कारणं असतात.

दर शनिवारी हा माणूस गायब व्हायचा. पहाटेची लातूरची गाडी धरायचा आणि रविवारी संध्याकाळी परत यायचा. कुठं जातो विचारलं तर म्हणायचा, मोठ्यांना भेटायला. खजिनदारानं निष्कर्ष काढला की लातुरात मुलगी आहे आणि ‘मोठे’ म्हणजे तिचा बाप. या विषयावर आम्ही दोघांनी अध्यक्षाच्या अपरोक्ष मंडळाची खास सभा घेतली आणि एका शनिवारी सरळ त्याच्या मागच्या गाडीनं लातूर गाठलं. बसस्टँडवर चौकशी करता करता चहावाल्यानं सांगितलं, तो नाडी बघणारा पोरगा ना, तो त्या किडनीच्या दवाखान्यात असतो.

दवाखाना लहान होता. तळमजल्यावर डायलिसिसची खोली, तिच्यात खाटा, प्रत्येक खाटेजवळ माणसाच्या छातीइतकं उंच यंत्र. अध्यक्ष एका स्टुलावर बसून सफरचंद सोलत होता. खाटेवर एक बाई होती. इतकी वाळलेली, की चादरीखाली कोणी आहे असं वाटू नये. हातातून दोन नळ्या निघून यंत्रात गेल्या होत्या आणि त्यांतून लाल रक्त सावकाश फिरत होतं. आम्हाला दारात पाहून तो दचकला नाही. उठून उभा राहिला आणि रीतसर ओळख करून दिली, आधी यंत्राची. "हे आमचे मोठे," तो म्हणाला. "आन ही माय. यांच्यामुळं ही हाय."

मला तेव्हा काय वाटलं ते सांगायचं तर सरळ लाज वाटली, आणि मग रडू आलं, आणि दोन्ही दाबून मी मावशींना नमस्कार केला. मंडळ कशासाठी होतं, टाकीखालची ती सगळी भंगार दुनिया कशासाठी होती, ते एका क्षणात कळलं. वडील शिरूर अनंतपाळला तहसिलीत शिपाई होते, ते आधीच गेले. मागं ही दोघंच. आठवड्यातून दोनदा मावशी शिरूरहून जीपनं लातूरला यायच्या, एका खेपेला पोरगा सोबत, दुसऱ्या खेपेला शेजारीण. त्यांच्या भागात तेव्हा नव्या जिल्ह्याची हवा जोरात होती. उदगीर जिल्हा होणार, मोठा सरकारी दवाखाना येणार, अशी बातमी दर सणाच्या तोंडावर यायची आणि सण झाला की विरायची. मावशी पडल्या पडल्या म्हणाल्या, "कुनी म्हनतंय शिरूर उदगीरात जानार, कुनी म्हनतंय लातुरातच ऱ्हानार. म्या कुठल्या जिल्ह्यात मरनार तेच कळंना झालंय." आणि स्वतःच खुदकन हसल्या. पोराची जीभ कुठून आली तेही त्या दिवशी कळलं.

किडन्या गेलेल्या माणसाला पाणी मोजून प्यावं लागतं, कारण प्यालेलं बाहेर जायला वाट नसते. मावशींना दिवसभराला एक लहान फुलपात्र मिळायचं. त्या म्हणायच्या, "दुष्काळात सरकारनं समद्यांचं पानी तोडलं, माझं डाक्टरनं आधीच तोडलंय. मला सवय हाय." अशा बाईला जगायला मात्र पाण्याचा डोंगर लागत होता. डायलिसिस म्हणजे शेवटी रक्त धुणं, आणि एका माणसाच्या एका खेपेला आमच्या घरानं त्या दिवसांत कित्येक दिवस पुरवलं असतं इतकं पाणी लागे. दवाखान्याच्या मागच्या बाजूला गाळणीचं मोठं यंत्र होतं. टँकरचं पाणी त्यात शिरायचं. निर्मळ झालेलं पाणी एका नळीनं रोग्यांच्या यंत्रांकडे जायचं आणि उरलेलं खारट पाणी दुसऱ्या नळीनं भिंतीबाहेर. आत आलेल्या पाण्यातलं निम्म्याहून जास्त असं बाहेर जात होतं.

त्या उन्हाळ्यात टँकर कमी झाले. धरण आटलं, विहिरी आटल्या, शहरात टाक्यांपाशी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लागली. दवाखान्यानं आधी डायलिसिसचे तास कमी केले, मग लांबच्या रोग्यांना सोलापूरला किंवा नांदेडला जा म्हणून सांगायला सुरुवात केली. मावशींचे पाय सुजले. जिना चढताना दम लागू लागला. त्यांना एवढा प्रवास झेपणार नव्हता, हे डॉक्टरांनाही दिसत होतं आणि अध्यक्षालाही. त्या रविवारी नांदेडला परतल्यावर तो टाकीखाली नुसता बसून राहिला. खजिनदारानं मुद्दाम त्याच्यापुढं मनगट केलं तरी त्यानं धरलं नाही.

मग त्याच्या डोक्यात ते आलं. भिंतीबाहेर जाणारं पाणी बाहेर जाऊच का द्यायचं? ते परत टाकीत घ्यायचं, टँकरच्या पाण्यात मिसळायचं, पुन्हा गाळायचं, आणि फारच खारट झालं की दवाखान्याच्या संडासांना आणि फरशी पुसायला वापरायचं. नवा शोध नव्हता, पण तिथं कोणी केलेलं नव्हतं. मंडळाला पहिल्यांदाच खरं काम मिळालं. आम्ही कॉलेजची मापकं नेली, पाण्याचा खारटपणा तपासला, दाब तपासला, गाळणीला किती सोसेल ते पुन्हा पुन्हा काढलं. दवाखान्यातल्या टेक्निशियनचा आधी विश्वास बसेना. डॉक्टर म्हणाले, करा, नाहीतर मला खोलीला कुलूप लावावं लागेल. खजिनदार स्कूटरवर बसून पाइप, एक छोटा पंप आणि एक कॉक घेऊन आला. जोडणी झाली. अध्यक्षानं तो कॉक फिरवला, बाहेर जाणारी नळी बंद झाली आणि पाणी परत टाकीकडे वळलं.

चाललं. त्याच दिवसापासून चाललं. रोग्यांचे तास पूर्ववत झाले, परत पाठवलेली माणसं परत आली. मावशींच्या पायांची सूज उतरली. आम्ही तिघांनी दवाखान्यासमोर उभं राहून उसाचा रस प्यायला आणि अध्यक्षानं गाळणीच्या यंत्राच्या अंगावरून हात फिरवून ‘थोरले’ अशी पदवी दिली. एवढ्या आनंदात त्याला मी कधी पाहिलं नव्हतं. त्यानं रसवंतीवाल्याची नाडी बघितली आणि ती उत्तम आहे असं जाहीर केलं.

भिंतीच्या आतलं आम्ही सगळं मोजलं होतं. भिंतीच्या बाहेर तिघांपैकी एकही गेला नव्हता.

दवाखान्यामागं एक बोळ होता. तिथली घरं मजुरांची, हमालांची, शिवणकाम करणाऱ्यांची. टँकर त्या बोळात शिरत नव्हता, तेवढी रुंदीच नव्हती. भिंतीतून येणारं ते खारट पाणी म्हणजे त्या बोळाचा नळ होता. भांडी, कपडे, पोरांच्या आंघोळी आणि निकडीला पिणंसुद्धा त्याच्यावर. कोणी त्यांना दिलेलं नव्हतं आणि कोणी कधी अडवलंही नव्हतं. बायकांनी आपसात पाळ्या लावून घेतल्या होत्या आणि वर्षानुवर्षं त्या पाळ्यांवरून तिथं भांडण झालेलं नव्हतं. सगळ्या लातुरात पाण्यावरून डोकी फुटत होती आणि तो एक बोळ शांत होता. आम्ही तो कोरडा केला.

दोन-चार दिवस त्यांनी वाट पाहिली, मग रिकाम्या घागरी घेऊन बायका दवाखान्याच्या दारात आल्या. पुढं एक भाभी होती, शिवणकाम करणारी, गळ्यात अजून मापाची टेप. शनिवार होता, आम्ही आतच होतो. टेक्निशियननं सांगितलं की कॉक या पोरांनी बसवलाय. भाभीनं आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. अध्यक्षानं तिला समजावायला सुरुवात केली. पाणी परत का फिरवलंय, आत किती माणसं पडली आहेत, पाणी बाहेर सोडलं तर त्यांचे तास कसे कमी होतील. सगळं खरं होतं. त्यानं ते फार चांगलं समजावलं. भाभीनं मधे न बोलता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमचं बीमार माणूस जगावं म्हणून आमची निरोगी लेकरं मारायली का तुम्ही?"

माझी आई त्याच शहरात दोन बादल्यांसाठी दुपार दुपार रांगेत उभी राहात होती, तेव्हा भाभी कुठल्या आवाजात बोलतेय ते मला चांगलं ओळखू येत होतं.

डायलिसिसच्या खोलीची खिडकी त्याच बाजूला होती. मावशी यंत्राला जोडलेल्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं. त्यांनी नर्सकरवी पोराला बोलावून घेतलं. मी मागोमाग गेले. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही, खिडकीकडे पाहात बोलल्या. "म्या ल्हान होते तवा गावच्या विहिरीला आमाला हात लावू देत नव्हते. माझी माय घागर खाली ठिवून उनात बसायची. कुनाच्या मनात आलं तर वरून वतनार. पान्यावर पहारा म्या बगितलाय, बाबा. तू पहारेकरी होऊ नगंस. सोड ते पानी."

तो म्हणाला, "माय, तास कमी होतील. पुन्ना पाय सुजतील."

"सुजू दे. सोड."

मग त्यांनीच उशीवरून मान उचलून, होता नव्हता तेवढा आवाज काढून खिडकीतून बाहेर सांगितलं की बायांनो, माझा पोरगा आत्ता पानी सोडायलाय, जावा, घागरी लावा. बाहेर घागरींचा आवाज बोळाकडे वळला.

अध्यक्ष मागं गेला. कॉकवर हात ठेवून उभा राहिला. मी शेजारीच होते. त्यानं कॉक किंचित फिरवला, इतका किंचित की भिंतीबाहेर दोऱ्यासारखी धार पडली, आणि तिथंच थांबला. मी त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "मायला सांगू नको." एवढंच. मग आत जाऊन तिला म्हणाला, सोडलं.

त्या दोऱ्याएवढ्या धारेवर बोळानं तो उन्हाळा काढला. बायका आधी घागरी लावायच्या, आता त्यांनी तांबे लावले. पाळी यायला सकाळची दुपार व्हायची. पण पाणी येत होतं, आणि आतल्या त्या आजारी बाईनं ते सोडायला लावलं हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून त्या परत भांडायला आल्या नाहीत. मावशींचे तास फारसे कमी झाले नाहीत. दर खेपेला यंत्राला जोडलं की त्या पहिला प्रश्न विचारायच्या, बाहेर पानी चालू हाय का. हाय म्हणून तो सांगायचा. मोठं हाय का? मोठं हाय. त्या डोळे मिटायच्या. खोटं यंत्र सहन न होणारा हा माणूस आईच्या उशाशी बसून शनिवारमागून शनिवार खोटं बोलला. त्याचा आवाज एकदाही हलला नाही. मी त्याचा राग करावा असं मला वाटायचं, आणि तो येत नसे. भाभीला तोंड दाखवायचं मात्र मी टाळू लागले.

एवढं करून मावशी राहिल्या नाहीत. पावसाला अजून अवकाश होता. शिरूरहून लातूरला येताना जीपमध्येच त्यांनी शेजारणीच्या खांद्यावर मान टाकली. हृदयच थकलं होतं, डॉक्टर म्हणाले, तास वाढवूनही काही झालं नसतं. हे त्यांनी धीर द्यायला सांगितलं की खरं होतं, ते अध्यक्षानं विचारलं नाही. तो मर्तिकाला रडला नाही. जलदान विधीला भंतेजींसमोर पांढऱ्या कपड्यांत बसलेला तो मला एकदम लहान दिसला. गावातली माणसं एकमेकांत बोलत होती की लातूरला आता रेल्वेनं पाणी आलंय. खरोखरच आलं होतं, त्याच आठवड्यात.

पुढं टेक्निशियनचा निरोप आला. दवाखान्याला टँकर नियमित मिळू लागलाय, तुमची जोडणी काढून घेतलीत तरी चालेल. आम्ही तिघं गेलो. सकाळची वेळ होती. मावशींच्या खाटेवर दुसरंच कोणी होतं, आणि यंत्र चालू होतं. अध्यक्ष त्याच्याजवळ थांबला नाही. सरळ मागं गेला आणि त्यानं तो कॉक शेवटपर्यंत फिरवला. मग इतक्या महिन्यांत पहिल्यांदा आम्ही भिंतीला वळसा घालून त्या बोळात गेलो.

धार मनगटाएवढी पडत होती. तांबे बाजूला सारून बायकांनी घागरी पुढं केल्या होत्या, कोणीतरी पोराला तिथंच उघडं करून धारेखाली धरलं होतं आणि ते किंचाळत होतं. घागरी भरून ओसंडत होत्या. भाभी ओल्या पायांनी उभी होती. तिनं आम्हाला ओळखलं. आतलं तिला काही माहीत नव्हतं, कोण सांगणार होतं? ती पहिल्यांदाच आमच्याकडे पाहून हसली.

"आज तर लई मोठं पानी आलं, बेटा," ती म्हणाली. "तुझ्या मायला सांग, सारी गल्ली दुआ देऊन राहिली."

खजिनदारानं मान फिरवली. मला वाटलं, आता हा सांगणार. अध्यक्षानं खाली वाकून तिची भरलेली घागर उचलली, तिच्या डोक्यावर नीट ठेवून दिली आणि म्हणाला,

"हाव भाभी. सांगतो."